बाळाच्या रिपोर्टमध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, मग वाटणी नेमकी कुठे चुकली?

ताई, आधी तुमचं म्हणणं मला कसं समजलं ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. तुमचं वय ३७, पहिलीच वेळ, नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसले, पिशवी साफ केल्यावर टिशू गुणसूत्रांच्या टेस्टला पाठवला आणि तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, ४७ गुणसूत्रं, ट्रायसोमी १६, म्हणजे १६ नंबरची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन. डॉक्टर म्हणाल्या नॉनडिसजंक्शन आहे, म्हणजे गुणसूत्रांची वाटणी चुकलीय, ते कुणाच्या हातात नसतं. तुम्ही विचारलंय की एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं दोघींत वाटली कशी जातात आणि त्यात अशी चूक होतेच कशी. पण तुमच्या शेवटच्या दोन ओळी वाचून वाटलं की खरा प्रश्न तिथे आहे. सातव्या आठवड्यात तुम्ही रोज स्कूटीवरून ऑफिसला जात होतात आणि एका लग्नात पपई खाल्ली होती, आणि घरात आता तेच बोललं जातंय.

तर त्याचं उत्तर आधी. नाही, त्याने झालेलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तारखाच जुळत नाहीत म्हणून म्हणतेय, आणि त्या का जुळत नाहीत हे कळायला तुमचा वाटणीचा प्रश्नच नीट समजून घ्यावा लागतो, म्हणून जरा लांबण लावते.

मी डॉक्टर नाही. २२ वर्षं सायटोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये आहे, पेशी वाढवायच्या, स्लाइड करायच्या, मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजायची, त्यांच्या जोड्या लावायच्या हे रोजचं काम. पुढे काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं, मी वाटणीबद्दल सांगते.

आपल्या शरीरातल्या साध्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची, २३ बाबांकडची. पेशीच्या दोन व्हायच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची एकेक कॉपी निघते, आणि इथे महत्त्वाची गोष्ट अशी की कॉपी निघाली म्हणून ती लगेच सुटी होत नाही. मूळ आणि कॉपी, आपण त्यांना जुळ्या बहिणी म्हणू, एकमेकींना चिकटूनच राहतात. त्यांना धरून ठेवणारं प्रोटीन म्हणजे कोहेसिन. ते कड्यासारखं असतं, दोन दोरे एकत्र धरायला त्यांच्यावर जागोजागी अंगठ्या सरकवाव्यात तशी ही कडी बसलेली असतात. कोहेसिन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बऱ्याच जणांना वाटतं की पेशी हिशेब ठेवून वाटते, १ नंबरची एक बहीण इकडे, एक तिकडे, मग २ नंबर, असं करत. तसं काही नाहीये. पेशीला मोजता येत नाही आणि नंबरही वाचता येत नाहीत. ते नंबर आपण दिलेत, १९६० साली डेन्व्हरला शास्त्रज्ञांची बैठक झाली तेव्हा, शाळेत उंचीप्रमाणे मुलं उभी करतात तसं मोठ्यापासून लहानापर्यंत (त्यातही २१ नंबर खरं तर २२ पेक्षा छोटा आहे, पण डाऊन सिंड्रोमशी २१ हा आकडा जोडला गेला होता म्हणून तसाच राहू दिला). आणि माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हेच मुळी १९५६ मध्ये टियो आणि लेव्हान यांनी नीट दाखवलं, त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ धरून चालले होते.

मग मोजता येत नाही तर पेशी वाटणी बरोबर करते कशी? ती ताण बघते. फक्त ताण.

होतं असं की पेशीच्या दोन टोकांकडून बारीक धागे निघतात, दहावीच्या पुस्तकात त्यांना तुर्कतंतू म्हणतात, आम्ही लॅबमध्ये त्या सगळ्या धाग्यांना मिळून स्पिंडल म्हणतो. हे धागे वाढतात, आखडतात, पुन्हा वाढतात, अंधारात चाचपडावं तसे. गुणसूत्राची जी कंबर असते तिथे प्रत्येक बहिणीची स्वतःची एक पकड असते, कायनेटोकोर म्हणतात तिला, धागा तिथे टेकला की पकडला जातो. बरोबर जोडणी म्हणजे एका बहिणीला एका टोकाचा धागा आणि दुसरीला समोरच्या टोकाचा. पण हे सगळं चाचपडतच चाललेलं असल्यामुळे सुरुवातीला चुका भरपूर होतात, कधी दोघींनाही एकाच टोकाचे धागे लागतात. आता रस्सीखेच डोळ्यासमोर आणा. दोन्हीकडून ओढलं तर दोर ताठ होतो, दोन्ही टीम एकाच बाजूला उभ्या राहिल्या तर दोर ढिलाच राहणार. बहिणी कोहेसिनने बांधलेल्या असल्यामुळे दोन विरुद्ध बाजूंनी ओढल्या गेल्या तरच मध्ये ताण येतो. जिथे ताण नाही तो धागा पेशी सोडून देते (ऑरोरा बी नावाचं एन्झाइम हे काम करतं) आणि परत चाचपडणं सुरू. ताण आला की धागा टिकतो. बस, एवढा एकच नियम ४६ च्या ४६ गुणसूत्रांना पुरतो.

हे निव्वळ तर्काने ठरवलेलं नाही बरं का. ब्रूस निकलस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये नाकतोड्याच्या पेशीत काचेची अतिशय बारीक सुई घालून, चुकीच्या जोडणीत अडकलेलं गुणसूत्र हळूच उलट्या बाजूला ओढून धरलं होतं. एरवी अशी चुकीची जोडणी थोड्या वेळात सुटायची, पण सुईने ताण दिल्यावर ती तशीच टिकून राहिली. म्हणजे बरोबर काय आणि चूक काय हे पेशीला कळतच नव्हतं, ताण आहे की नाही एवढंच कळत होतं. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅबमध्ये नवीन होते, आणि तोपर्यंत पाठ केलेल्या पूर्वावस्था मध्यावस्था पश्चावस्था या पेशीविभाजनाच्या पायऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा अर्थ आला.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबण्याचा सिग्नल. ज्या पकडीला अजून धागा लागलेला नाही ती "थांबा" असा रासायनिक निरोप सोडत राहते, आणि अशी एक जरी पकड मोकळी असली तरी पूर्ण पेशी थांबते. एका प्रयोगात लेझरने ती शेवटची मोकळी पकडच नष्ट केली, तर निरोप बंद झाला आणि पेशी पुढे जाऊन विभागली. सगळ्यांना धागे लागले, ताण आला, निरोप बंद झाला, की सेपरेज नावाचं एन्झाइम मोकळं होतं आणि कोहेसिनची कडी कापतं. सगळ्या गुणसूत्रांची जवळपास एकाच वेळी. बहिणी सुटतात आणि आपापल्या टोकाकडे ओढल्या जातात.

आमचं लॅबचं काम याच थांबण्यावर उभं आहे. तुम्ही पाठवलेल्या टिशूतल्या पेशी आम्ही ३७ डिग्रीला वाढवतो (म्हणूनच रिपोर्टला इतके आठवडे लागतात), आणि वाढायला लागल्या की त्यात कोल्सेमिड घालतो. ते धागे बनूच देत नाही. धागे नाहीत म्हणजे सगळ्या पकडी मोकळ्या, म्हणजे सगळीकडून "थांबा थांबा", आणि पेशी नेमक्या त्या क्षणी अडकून राहतात जेव्हा गुणसूत्रं सगळ्यात आखूड आणि जाड असतात, मोजण्यासारखी. मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या, स्लाइडवर थेंब सोडायचा, ट्रिप्सिन आणि जिम्साने पट्टे उठवायचे. कोल्सेमिड हे कोल्चिसिनचं भावंड, आणि कोल्चिसिन आपल्या कळलावीत असतं, तीच पावसाळ्यात कोकणात कुंपणावर चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची. बाळंतपणाच्या कळांशी तिचं नाव जोडलेलं आहे पण ती जबरदस्त विषारी आहे आणि विषारी असण्याचं एक कारण हेच, ती पेशींची वाटणी अडवते. हे वाचून कुणी घरगुती प्रयोग करू नका.

आता तुमच्या रिपोर्टकडे येते. पेशी मोजत नाही हे वर लिहिलं त्याचा एक परिणाम असा की ज्या पेशीत ४७ गुणसूत्रं आहेत तिलाही काही वावगं वाटत नाही. ती ४७ च्या ४७ कॉपी काढते, प्रत्येक जोडीवर ताण आहे का बघते, आणि दोन्ही पेशींना ४७-४७ अशी अगदी चोख वाटणी करते. आम्ही साधारण २० पेशी मोजतो. तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यांत ४७ आली असतील तर त्याचा सरळ अर्थ असा की बाळाची पहिली पेशीच ४७ ची होती, आणि त्यानंतर झालेल्या सगळ्या वाटण्या बरोबर झाल्या. जर पहिली पेशी ४६ ची असती आणि चूक मध्येच कधीतरी झाली असती, तर काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या सापडल्या असत्या, त्याला मोझेक म्हणतात. सगळ्या पेशी सारख्या असणं हाच तारखेचा पुरावा आहे. तुमच्या पोटात बाळ वाढत असताना एकही वाटणी चुकली नाही ताई. चूक त्याच्या आधीची आहे.

किती आधीची? इथे स्त्रीबीजाची गोष्ट येते, आणि मला ही जीवशास्त्रातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते. बीज तयार होताना ४६ ची २३ करायची असतात, त्यामुळे वाटणी दोनदा होते. पहिल्या वाटणीत बहिणी सुट्या होत नाहीत, आधी जोड्या सुटतात. म्हणजे तुमच्या आईकडून तुम्हाला मिळालेलं १६ नंबरचं गुणसूत्र आणि तुमच्या बाबांकडून मिळालेलं १६ नंबरचं, ही दोघं एकमेकांना शोधून शेजारी येतात, आपापले तुकडे अदलाबदल करतात, आणि त्या अदलाबदलीच्या गाठीमुळे आणि कोहेसिनच्या कड्यांमुळे एकत्र बांधली जातात. मग त्यातलं एक बीजात राहायचं आणि दुसरं पोलर बॉडी नावाच्या छोट्याशा पेशीत बाहेर जायचं.

हे जोडी लावून बांधण्याचं काम तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच झालंय. आईला पाचवा महिना असताना तुमच्या अंडाशयात ६० ते ७० लाख बीजं होती, जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरली, आणि आयुष्यभरात त्यातली सुमारे ४०० च परिपक्व होऊन बाहेर पडतात. प्रत्येक बीज त्या बांधलेल्या अवस्थेत थांबून असतं. जे बीज तुमच्या या प्रेग्नन्सीचं होतं ते ३७ वर्षांहून जास्त काळ तसंच बांधून थांबलेलं होतं. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की ही कोहेसिनची कडी जन्माआधी एकदाच बसतात, नंतर नवी घातली जात नाहीत. वय वाढतं तशी ती विरळ होत जातात. मग जोडी वेळेआधीच सुटते, सुटलेली दोघं आपापली भरकटतात, आणि ताण बघण्याची जी युक्ती वर सांगितली ती इथे लंगडी पडते, कारण बांधलेलंच नसेल तर ताण येणार कुठून.

त्यात बीजाची यंत्रणाही जरा कच्ची. साध्या पेशीत धागे दोन ठरलेल्या केंद्रांतून निघतात, माणसाच्या बीजात ती केंद्रं नसतात, धाग्यांना आपणच जुळून दोन टोकं तयार करावी लागतात आणि त्याला सोळाएक तास जातात, मध्ये ती रचना हलते, कधी तीन टोकांची होते, परत सावरते. आणि "थांबा"चा निरोपही बीजात मंद पडतो, एखादं गुणसूत्र नीट लागलेलं नसलं तरी गाडी पुढे निघते. म्हणून या सगळ्यात १६ ची दोन्ही गुणसूत्रं बीजातच राहिली, त्यात शुक्राणूचं एक आलं, झाली तीन. ट्रायसोमी १६ जवळजवळ नेहमीच बीजाच्या या पहिल्या वाटणीतून येते, आणि मिसकॅरेजच्या रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या ट्रायसोमींमध्ये ती सगळ्यात जास्त आढळते. माझ्या टेबलावरून असे किती रिपोर्ट गेलेत त्याची मोजदाद नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या मिसकॅरेजपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच काही ना काही गडबड असते.

ही पहिली वाटणी पूर्ण होते बीज बाहेर पडण्याच्या सुमारास. म्हणजे पाळी चुकायच्या दोन आठवडे आधी. आठवडे आपण शेवटच्या पाळीपासून मोजतो, त्यामुळे ती वेळ दुसऱ्या आठवड्याची झाली. स्कूटी सातव्या आठवड्यातली. पाच आठवडे नंतर केलेली गोष्ट पाच आठवडे आधी झालेली वाटणी बिघडवू शकत नाही. पपईचा गर्भाशयावर काय परिणाम होतो हा वेगळा वाद आहे, पण पपई एखादं गुणसूत्र वाढवत नाही, ग्रहणही वाढवत नाही, जिना चढणंही नाही. घरी सांगायचं तर हाच हिशेब सांगा, रिपोर्ट समोर ठेवून सांगा.

आणि "आईकडून आलं" म्हणजे "आईमुळे झालं" असं नाही, हे तुमच्या सासूबाईंनाही कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. बीज किती वर्षं थांबलं हे कुणी ठरवत नाही. पुरुषांत शुक्राणू सतत नवे बनतात, अडीचेक महिन्यांत तयार होतात, म्हणून हा लांबच्या थांबण्याचा प्रश्न त्यांना येत नाही, पण वाटणी त्यांच्याकडेही चुकते. एक्स गुणसूत्र एकच असलेले, म्हणजे ४५ वाले जे रिपोर्ट असतात, त्यात बऱ्याचदा वडिलांकडून यायचं गुणसूत्र आलेलं नसतं. वय कमी असलं तरी चूक होते, पंचविशीतल्या मुलींचे ट्रायसोमीचे रिपोर्ट माझ्या हातून गेलेत. वयाने शक्यता वाढते एवढंच.

पुन्हा होईल का आणि नवऱ्याची टेस्ट करायची का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्यासारखी साधी ट्रायसोमी असेल, एक गुणसूत्र पूर्ण आणि सुटं जास्त, तर पुढच्या वेळची शक्यता मुख्यतः वयावर ठरते. अंदाज यावा म्हणून डाऊन सिंड्रोमचा आकडा सांगते, पस्तिशीला साधारण ३५० त १, चाळिशीला साधारण १०० त १. म्हणजे शक्यता वाढते हे खरं, पण चाळिशीलासुद्धा १०० पैकी ९९ वेळा तसं होत नाही हेही तितकंच खरं. मिसकॅरेजची एकूण शक्यता यापेक्षा बरीच जास्त असते, कारण त्यात १६ सकट सगळी गुणसूत्रं येतात, आणि ट्रायसोमी १६ सगळ्या पेशींत असेल तर मूल जन्मापर्यंत पोचतच नाही.

पण रिपोर्टमध्ये जर ट्रान्सलोकेशन हा शब्द असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. काही धडधाकट माणसांत १४ आणि २१ नंबरची गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली असतात, मोजली तर ४५ भरतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, पण बीज किंवा शुक्राणू बनताना जोड्या लावायच्या वेळी तिघांचा गुंता होतो आणि वाटणी पुन्हा पुन्हा चुकू शकते. असं काही दिसलं तर नवरा-बायको दोघांचीही रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं मोजून जोड्या लावायची टेस्ट, करायलाच हवी, दोन-तीन मिलीलिटर रक्त लागतं, हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. एकाच साध्या ट्रायसोमीनंतर सहसा त्याची गरज पडत नाही, दोन-तीन मिसकॅरेज झाली असतील तर डॉक्टर सांगतातच. फॉलिक ॲसिड चालू ठेवा, ते बाळाच्या मणक्यासाठी गरजेचं आहे, फक्त त्याने ही वाटणी सुधारेल अशी आशा धरू नका. पुढच्या वेळी दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून करायची एनआयपीटी स्क्रीनिंग टेस्ट तुमच्यासाठी योग्य आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा, आणि त्यात काही संशयास्पद आलं तर बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून पक्की टेस्ट करावी लागते हेही माहीत असू द्या.

एक गोष्ट हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. टिशू गुणसूत्रांच्या टेस्टला पाठवायचा असेल तर तो स्टराइल सलाइनमध्ये पाठवायला सांगा, फॉर्मलिनमध्ये नाही. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमधून तिसऱ्या मिसकॅरेजचा नमुना फॉर्मलिनच्या डबीत आला. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, मेलेली पेशी विभागत नाही, आणि विभागत नाही तर आम्ही कोल्सेमिड घालून थांबवणार कुणाला? मी तरी तीन फ्लास्क लावून बघितले, काही उगवलं नाही. ती बाई रिपोर्ट घ्यायला स्वतः आली होती आणि तिला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तुमच्याकडे निदान उत्तर आहे.

रिपोर्टचं दुसरं पान काढून बघा, किती पेशी मोजल्या तो आकडा तिथे असतो, आणि मोझेक किंवा ट्रान्सलोकेशन यातला एखादा शब्द कुठे आहे का तेही बघा. असेल तर इथे लिहा, मग वर सांगितलेलं काही बदलेल.